विस्कॉन्सिनमधलं खळं

अमेरिकेहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "नायगारा पाहिलात ना?" पाहिला बाई, पाहिला. भिजलो, फोटो काढले, पुढे सरकलो. पण आमच्या मुक्कामातले सलग तीन दिवस आम्ही जे पाहिलं ते नायगारा नव्हतं, तर गोठे होते. हसा खुशाल. आमच्या भिशीतल्या बायकाही हसल्या. सांगलीहून उठून सातासमुद्रापार जायचं आणि गोठे बघून यायचं! आणि त्या तीन दिवसांत मला जितकी लाज वाटली तितकी लग्न झाल्यापासून कधी वाटली नव्हती. आधी नवऱ्याची, मग स्वतःची.

आमचे हे सरकारी बांधकाम खात्यातले. आयुष्य गेलं पूल, शाळाखोल्या आणि तालुक्याची विश्रामगृहं बांधण्यात. सगळं सिमेंटचं. पण लाकूडकाम दिसलं की या माणसाचे पाय खिळतात. कुणाच्या लग्नाला गेलो तरी हे मांडवात नाहीत, मागच्या माजघरात तुळया बघत उभे. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. खिशात कायम मोजायची टेप आणि शिसपेन्सिल. मी म्हणते, अहो, खिशात विड्या ठेवतात लोक, तुम्ही टेप ठेवता. तर म्हणतात, "टेपनं खोकला येत नाही."

शॉमबर्ग

मुलगा निखिल शिकागोजवळ शॉमबर्गला असतो. काचेची ऑफिसं, मोठाले मॉल आणि संध्याकाळी तळ्याभोवती फिरणारे तुमच्या-आमच्यासारखेच पांढऱ्या बुटांतले आईबाप. "कधी आलात? किती महिने? गुडघे कसे आहेत?" एवढ्यावर सगळ्यांची ओळख होते.

या काचांच्या मधोमध एक जुना लाल बार्न कुणीतरी न पाडता ठेवून दिलेला होता. बार्न म्हणजे गोठा, धान्याचं कोठार आणि वैरणीची गंजी, सगळं एकाच छपराखाली. पण छप्पर कसलं, देऊळच म्हणा. दोन्ही पाखी मध्येच मोडून पुन्हा खाली उतरलेली, म्हणजे आत वैरणीला जागा जास्त. आढ्यावर मधोमध छोटी छत्री, तिला चारी बाजूंनी लाकडी झडपा, आणि वळचणीला करवतीनं कोरलेली पांढरी झालर. हे सकाळी फिरायला म्हणून जायचे ते त्याच्यासमोर बसून राहायचे.

"राणी व्हिक्टोरिया तिकडे लंडनात," एकदा जेवताना म्हणाले, "आणि तिच्या काळातली झालर इथे गाईच्या डोक्यावर. कोण बघणार होतं गं ती? गाय?"

सुनेनं हसून वाढलं. निखिल मात्र गंभीर. सप्टेंबरात त्याला लाँग वीकेंड होता. त्यानं वॉटर पार्कवालं हॉटेल बुक करायचं ठरवलेलं. हे म्हणाले, "मला पाण्यात उड्या मारायच्या नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये जुने बार्न अजून जागच्या जागी आहेत म्हणे. ते दाखव."

हे साल २००६. सून नातीला घेऊन मैत्रिणीकडे राहणार असं ठरलं, आणि निखिलनं कपाळाला हात लावून बुकिंग कॅन्सल केलं.

हायवे सोडल्यावर

विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात जमीन सपाट नाही. टेकड्या लाटांसारख्या येतात, मधून मका आणि सोयाबीन, आणि प्रत्येक वळणावर एक बार्न. सगळे लाल. का लाल, हे यांनी पहिल्याच दिवशी नखानं खरवडून शोधून काढलं. "गेरू आहे गं! जवसाच्या तेलात कालवलेला गेरू. आपल्या भिंतीला असतो तोच."

पण हे खरवडताना उभे कुठे होते? दुसऱ्याच्या जागेत. गाडी थांबली रे थांबली की हे दार उघडून थेट चालू लागायचे. कुंपण नाही, म्हणजे मज्जाव नाही, हा यांचा हिशेब. पहिल्याच ठिकाणी शेतकरी ट्रक घेऊन आला, खिडकीची काच खाली करून बघत राहिला. हे त्याला हसून हात करतात आणि खांबाला टेप लावतात! निखिल धावत गेला. "सॉरी सर, सॉरी, माय फादर इज अ‍ॅन इंजिनिअर, सॉरी." त्याचे कान लाल झालेले मला गाडीतून दिसले.

गाडीत बसल्यावर तो फुटला. "बाबा, धिस इज प्रायव्हेट प्रॉपर्टी यार! इथे लोक बंदूक घेऊन बाहेर येतात. आपण दिसायला असे, तुम्ही दाढी वाढवलेली, मोजमाप घेताय, फोटो काढताय. कोणी पोलिसांना फोन केला तर? माझं ग्रीन कार्ड अडकलंय, आई, तू तरी सांग त्यांना."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिते, कारण तेव्हापासूनच माझं चुकत गेलं. मी म्हणाले, "तुम्हाला काही पोच आहे का? पोराच्या जिवाला घोर लावताय." हे म्हणाले, "ते लाकूड ओक होतं."

खाण्यापिण्याचे हाल नव्हते. मी थालीपिठं आणि दशम्या भरपूर बांधून घेतल्या होत्या. शिवाय तिकडे चीजचे ताजे गोळे मिळतात, चावले की दाताखाली नव्या चपलेसारखे कुरकुरतात. यांना ते फार आवडले. पण हॉटेलच्या नाश्त्याला तिथे वॅफलचं यंत्र होतं. त्यात यांनी पीठ ओतलं ते ओतलंच, आपल्या आंबोळीच्या हिशेबानं. यंत्र बंद केल्यावर चारी बाजूंनी पीठ बाहेर, खाली गालिच्यावर. मागे रांग लागलेली. हे रुमालानं पुसताहेत आणि मोठ्यानं मला मराठीत विचारताहेत, "अगं, याला तेल लावायचं राहिलं का?" मी केलं काय? ताट उचललं आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसले. जणू या गृहस्थांना मी ओळखत नाही.

टेकडीवरचं शेत

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर हे नुसते "थांब" म्हणाले. टेकडीच्या कुशीत बार्न होता, आम्ही पाहिलेल्यांत सगळ्यात देखणा. खालचा मजला चुनखडीच्या दगडांचा, गाईंसाठी. वरचा लाकडी. टेकडीच्या उताराचा फायदा घेऊन बांधलेला, त्यामुळे मागच्या बाजूनं गाडी सरळ वरच्या मजल्यावर जाते. वर वैरण टाकायची आणि फटीतून खाली गव्हाणीत लोटायची. खिडक्यांना चर्चसारख्या टोकदार कमानी, त्यांना पांढरी चौकट. आढ्यावरच्या छत्रीला रंगाचे पोपडे, तरी झालर शाबूत.

निखिलला नेमका ऑफिसचा फोन आला. "पाच मिनिटं. बाबांना उतरू देऊ नकोस," म्हणाला आणि गाडीबाहेर जाऊन बोलू लागला. मी वळून पाहते तो हे उताराच्या वाटेनं चढताहेत. मी मागे धावले. धावले म्हणजे काय, गुडघे सांभाळत.

वरचं मोठं दार सरकवलेलं होतं. आत उन्हाच्या पट्ट्या आणि जुन्या गवताचा वास. दोन्ही बाजूंना वैरणीचे रिकामे खण, आणि मधे रुंद जाड फळ्यांची जमीन, झिजून गुळगुळीत झालेली. खांब एवढे की कवेत मावणार नाहीत. कुठे खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर. मलासुद्धा क्षणभर भान राहिलं नाही.

हे वर बघत म्हणाले, "ओली वैरण रचली की तापते, पेट घेते. म्हणून ती छत्री. गरम वाफ झडपांतून बाहेर." मग खाली पाहिलं, वाकून फळीवर हात फिरवला. "अगं, हे मधलं काय आहे माहीत आहे? इथे गहू झोडपायचे. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार. हे खळं आहे!"

आणि त्यांनी बूट काढले. मोजेही काढले. दाराशी नीट जोडून ठेवले आणि अनवाणी आत गेले.

माझं माहेर तासगावकडचं, शेतकऱ्याचं. खळ्यावर चपला घालून गेलं की आई हातातली केरसुणी फेकून मारायची. धान्य जिथे पडतं तिथे पाय धुऊन जायचं, हे मला यांच्याहून जास्त ठाऊक. मीही बूट काढायला पाहिजे होते. पण मी दारात बूट घालून उभी राहिले आणि दबक्या आवाजात ओरडले, "अहो, बूट घाला! काय हा गावठीपणा!"

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी काही मदत करू का?"

सत्तरीची बाई. निळी पँट, पुरुषी शर्ट, पांढरे केस मागे बांधलेले. हातात बंदूक वगैरे काही नव्हती, फडकं होतं. ती माझ्याकडे पाहत होती, मग दाराशी ठेवलेल्या बुटांकडे, मग आत, जिथे एक दाढीवाला म्हातारा अनवाणी उभा राहून छपराकडे तोंड करून हात जोडत होता.

आता मला सांगा, काय कठीण होतं? मी शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. 'आमच्याकडे धान्याच्या जागेवर चपला घालत नाहीत' एवढं वाक्य मला येत नव्हतं? येत होतं. पण माझ्या डोक्यात कालचा ट्रकवाला, निखिलचे लाल कान, गालिच्यावरचं पीठ. मी बाईच्या जवळ गेले, कपाळाला बोट लावलं आणि म्हणाले, "माफ करा. माझ्या नवऱ्याला बरं नाही. त्यांना काही आठवत नाही. कुठेही जातात."

बाईचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं आता रागावेल. तिनं फडकं खांद्यावर टाकलं, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "माझ्याही."

तिचं नाव रूथ. नवरा वॉल्टर. याच घरात जन्मलेला, याच बार्नमध्ये चौदा-पंधराव्या वर्षापासून दूध काढणारा. आता त्याला मुलांची नावं आठवत नव्हती. गाई विकल्याचंही आठवत नव्हतं.

मी त्याच वेळी 'थांबा, माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. पण ती मला घराकडे घेऊनच गेली. व्हरांड्यात वॉल्टर झुलत्या खुर्चीत होता, उंच, स्वच्छ दाढी केलेला. रूथनं यांनाही हाताला धरून आणलं, अगदी हळू, पायरी दाखवत. हे गोंधळले, पण खूश झाले. बाई आदरातिथ्य करते आहे असं वाटलं त्यांना. तिनं त्यांना वॉल्टरशेजारी बसवलं. फोन संपवून निखिल घाबराघुबरा आला, तर त्यालाही सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या 'पाय'चा तुकडा मिळाला. तो बशी घेऊन गाडीकडे गेला, कारण फोन पुन्हा वाजला होता.

मी स्वयंपाकघरात रूथसमोर. आणि ती विचारू लागली.

"रात्री उठून बाहेर जातात का?"

मी म्हणाले, "कधी कधी."

"तुम्हाला ओळखतात?"

"हो."

"अजून ओळखतात," ती म्हणाली. "छान. ते धरून ठेवा."

कॉफी कडू होती आणि मी घोटामागून घोट घेत होते, तोंड बंद राहावं म्हणून. ती बोलत राहिली. मुलगा कॅलिफोर्नियात. शेजारी आधी यायचे, आता येत नाहीत. वॉल्टर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, त्यांना अवघड होतं. यायच्या आधी फोन करतात, मग ती 'आज नको' म्हणते, मग ते सुटल्यासारखे फोन ठेवतात. "किती दिवसांनी कुणी न विचारता दारात आलं," ती म्हणाली, आणि रडू लागली. सरळ, डोळे न झाकता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात खोटा होता का? मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. मला तिची दया येत होती ते खरं होतं, आणि ती ज्या नात्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकत होती ते साफ खोटं.

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. वॉल्टर यांना विचारत होता, "दूध काढून झालं?" हे म्हणाले, "हो, झालं." थोड्या वेळानं पुन्हा, "दूध काढून झालं?" हे तितक्याच शांतपणे, "हो साहेब, झालं." बिचाऱ्याला ऐकू कमी येतं असं यांना वाटलं असावं, कारण प्रत्येक वेळी आवाज थोडा वाढवत होते. मग यांनी पेन्सिल काढून कागदावर बार्न काढायला घेतला. वॉल्टर वाकून बघत होता. एका ठिकाणी त्यानं बोट ठेवलं, यांनी तिथे खिडकी काढली. दोघंही हसले. घरी पाहुणे आले की आपल्याकडे पानाचा डबा मधे ठेवून म्हातारे बसतात ना, तसेच बसले होते. गप्पा काय चालल्या आहेत याच्याशी कुणालाच घेणं नाही.

रूथ माझ्याशेजारी उभी राहून ते बघत होती. "कित्येक महिन्यांत तो असा हसला नाही," म्हणाली.

निरोप

निघताना तिनं उरलेला सफरचंदाचा पाय कागदात गुंडाळून दिला. आपण शिदोरी देतो तसाच, नको नको म्हणत असताना हातात कोंबून. यांचे बूट तिनं बार्नमधून आणून पायरीवर ठेवले होते. हे वाकले, तर तीच खाली बसली आणि नाड्या बांधू लागली.

"अहो, नको, मी बांधतो," हे इंग्रजीत म्हणाले. एवढी वयस्क बाई आपल्या पायाशी, यांना कसंतरीच झालं.

ती उठली. यांचे हात हातात घेतले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "घाबरू नका. तुमच्या पत्नीनं मला सांगितलं. तुम्ही सगळं विसरलात तरी ती तुमच्याजवळ असेल. चांगली बाई आहे ती."

हे तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या पुडक्याकडे बघत होते.

"थँक यू," हे म्हणाले.

आम्ही गाडीकडे निघालो. रूथ दारातून हात करत होती, म्हणून मी त्यांचा दंड धरला. ती बघत होती, म्हणून मी वाकून त्यांचा सीटबेल्टही लावला. त्यांनी लावू दिला. घरी असते तर हात झटकला असता. मी मनात म्हटलं, आता फाडून खाणार हा माणूस मला. खाऊ दे, तेच योग्य आहे.

वाटेत आणखी दोन-तीन बार्न लागले. एकाच्या छपरावर रंगीत कौलांची नक्षी होती. हे थांब म्हणाले नाहीत. निखिलनंच आरशातून विचारलं, "बाबा, हा नाही बघायचा?"

"नको."

पेट्रोल भरायला गाडी थांबली. निखिल उतरून आत पैसे द्यायला गेला. हे खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तुला कधीपासून जाणवतंय?" आवाज नेहमीचा नव्हता. "मघापासून मी आठवतोय. परवा निखिलच्या शेजाऱ्याचं नाव आठवलं नाही. विमानतळावर चष्मा विसरलो. आज सकाळी खोलीचा नंबर विसरलो, तुला विचारला. हेच ना? तू मला मुद्दाम सांगितलं नाहीस, मी घाबरेन म्हणून." मांडीवर टेपची पट्टी ते बाहेर ओढत होते, पुन्हा आत सोडत होते. "निखिलला सांगू नकोस एवढ्यात. त्याला आधीच ग्रीन कार्डचं टेन्शन आहे."

म्हणजे हा माणूस रागावला नव्हताच. मी खोटं बोलेन हे याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. परक्या बाईनं सांगितलं की तुमच्या बायकोनं सांगितलंय, मग ते खरंच असणार, असं धरून हा तेव्हापासून आपल्या डोक्यातली एकेक फट तपासत बसला होता.

"अहो, नाही हो," मी म्हणाले. "तुम्हाला काही झालेलं नाही. काही म्हणजे काही नाही. मी खोटं बोलले तिच्याशी."

ते वळले. "का?"

आता तरी काहीतरी गोड बोलावं असं मनात आलं. पोलीस येतील म्हणून भ्याले, निखिलसाठी केलं, इंग्रजी सुचलं नाही. पण त्यांच्या त्या हातांकडे बघून आणखी खोटं बोलवेना.

"लाज वाटली," मी म्हणाले. "तुमची. तुम्ही बूट काढलेत, आणि ती बघत होती, आणि मला तुमची लाज वाटली."

माझ्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा सैल होत गेला. खूप मोठा श्वास सोडला.

"हात्तिच्या! एवढंच ना?" ते म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता रुमालानं डोळे पुसले. "मी केवढा घाबरलो होतो गं! एवढंच होतं तर मग!"

"आपण परत जाऊ," मी म्हणाले. "मी तिला खरं सांगते."

ते हसायचे थांबले. जरा विचार केला. "नको. तिला वाटतंय आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे. ते कशाला काढून घेतेस?" मग माझ्या हातावर थोपटलं. मलाच समजावत होते!

निखिल गाडीत बसला. "काय झालं? बाबा एवढे खूश कशामुळे?"

"काही नाही रे," हे म्हणाले. "पुढचा बार्न दिसला की थांब."

बायकोला आपली लाज वाटते हे ऐकून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शॉमबर्ग येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.